खात्री मफी

साहेब लिफ्टमध्ये कधी पहिले शिरत नसत. दार उघडलं की मान आत घालून आधी तळाकडे, मग छताकडे बघत आणि आम्हाला पुढे घालत. आम्ही वर पोचून फोन केला की दुसऱ्या फेरीला स्वतः येत. ऑफिसची इमारत बहरीनच्या जुफैर भागातली, काचेची, नवी कोरी. ती लिफ्ट कधी बंद पडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "आजवर पडली नाही म्हणजे पडायची राहिलीय," असं साहेबांचं म्हणणं.

आखातात 'नाही'साठी सगळेच 'मफी' म्हणतात. पाणी मफी, सुट्टी मफी, ड्रायव्हर मफी. आमच्या साहेबांनी त्याला आपला शब्द जोडून 'खात्री मफी' असं तयार केलं होतं आणि ते कुठेही वापरत. सिमेंटचा नवा पुरवठादार? खात्री मफी. संध्याकाळी वारा पडणार? खात्री मफी. पुढे पुढे आमची फिलिपिनो रिसेप्शनिस्टसुद्धा फोनवर "सर इज इन मीटिंग?" असं कोणी विचारलं तर गोड आवाजात "खात्री मफी" म्हणू लागली. तिला वाटायचं हे अरबीच आहे.

अस्करकडच्या कारखान्यांची दुरुस्तीची कामं घेणारी आमची कंपनी, आणि साहेब तिथे खरेदी विभागाचे प्रमुख. कंपनीला असा माणूस म्हणजे वरदान, पुरवठादारांना साडेसाती. नटबोल्टचं खोकं आलं की ते उलटं करून तळाकडून उघडायचे. "वरचे चांगलेच ठेवतात सगळे." हॉटेलात हामूर मासा मागवला तर आधी हामूरचं डोकं आणून दाखव म्हणायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा मोदक हातात पडला की तो फोडून सारण बघायचे आणि मगच तोंडात टाकायचे. एकदा तिथल्या सेक्रेटरीबाई चिडून म्हणाल्या, "अहो, देवाचा आहे तो!" साहेब शांतपणे म्हणाले, "देवाबद्दल शंका नाही. केला कोणी ते विचारतोय."

मी सांगलीकडचा. प्लॅनिंग इंजिनिअर म्हणून रुजू झालो तेव्हा साहेबांनी माझ्याकडे त्या उलट्या खोक्याकडे बघतात तसं बघितलं. ते मालवणचे. कोकणी माणसाला घाटावरच्या माणसाचा मुळातच भरवसा नसतो, त्यात हे तर साहेब. "मासे खातोस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, खातो. "कुठले?" मी म्हटलं, पापलेट. त्यांनी 'समजलो' अशी मान हलवली. त्या एका शब्दात माझी सगळी पायरी त्यांना कळली असावी.

तरी का कोण जाणे, एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "उद्या सकाळी अस्करला ये. बोटीवर दुसरा माणूस लागतो. सीपीआर कार्ड आण, कोस्टगार्ड ओळखपत्र विचारतात. घड्याळ नको." मी विचारलं, घड्याळ का नको? "चमकतं. माशाला संशय येतो."

शुक्रवारची सकाळ, मागे कारखान्याची धुराडी, पुढे हिरवट उथळ पाणी, आणि एका बहरीनी म्हाताऱ्याची फायबरची लहानशी बोट. म्हाताऱ्याचं आणि साहेबांचं जमायचं, कारण म्हातारा काही बोलतच नसे. निघताना एक "यल्ला" आणि परतताना एक "खलास", संपलं. साहेबांनी माझ्या हातात रॉड दिला. दोऱ्याच्या टोकाला ल्यूर, म्हणजे प्लॅस्टिकचा नकली मासा, पोटाला गळ लावलेला. तो लांब फेकायचा आणि रीळ फिरवत ओढून आणायचा. पहिल्या तासाभरातच मला एक विलक्षण गोष्ट दिसली. ल्यूर बोटीजवळ येत होता आणि त्याच्या मागे, हातभर अंतरावर, एक लांबट रुपेरी सावली येत होती. बाराकुडा. दात एवढे, की तोंड मिटल्यावरही दिसावेत. मी ओरडलो, "साहेब, आला!" आणि हात थांबला. सावलीही थांबली. तिनं ल्यूरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं असं आपलं मला वाटलं, आणि वळून निघून गेली.

साहेब इतके खूश झालेले मी ऑफिसात कधी बघितले नव्हते.

"हेच! हेच सगळे करतात," ते म्हणाले. "अरे, मागे येणारा मासा भुकेला नसतो. भुकेला असता तर तिकडेच गिळला असता. हा संशयी असतो. त्याला बघायचं असतं, हे खरं काय खोटं. आणि तू थांबलास! खरा मासा मागे बाराकुडा बघून थांबेल काय? खरा मासा पळेल."

मग त्यांनी करून दाखवलं. ल्यूर बोटीजवळ आला की तो पाण्याबाहेर काढायचा नाही. रॉडचं टोक पाण्यात बुडवायचं, दोरा थोडाच सुटा ठेवायचा आणि ल्यूरला बोटीच्या कडेला पाण्यातल्या पाण्यात आठ काढायला लावायचं. "इंग्रजी आठ. मराठी नव्हे." मोठी, रुंद वळणं. आणि वळणावर वेग वाढवायचा. "सरळ रेषेत मासा विचार करतो. वळणावर त्याला वाटतं, गेला, आता गेला हातचा. तिथे तो तोंड मारतो. मासा दिसो न दिसो, आठ काढायचाच. आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही." दुपारपर्यंत माझे खांदे भरून आले. साहेबांनी मात्र बोटीच्या अगदी कडेला, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, एक बाराकुडा घेतला. पाणी फुटल्याचा तो आवाज ऐकून मी आत आडवा झालो. म्हातारा हसला. तो हसलेला मी तेवढाच बघितला.

मग जुफैरमध्येच त्यांच्या घरी जेवण. तिथे दोन माणसं मला भेटली, ज्यांच्यामुळे पुढचं सगळं झालं. एक काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांनी माशाची आमटी वाढताना मला कुठले ते विचारलं आणि सांगली म्हटल्यावर "अरे बापरे, मगे काटे काढून देऊ?" असं विचारून मला पुरतं गारद केलं. दुसरी त्यांची मुलगी. बहरीनमध्येच वाढलेली, मनामात एका बँकेत नोकरीला. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. साहेब तिच्याशी मालवणीत भांडायचे आणि ती त्यांच्याशी इंग्रजीत, आणि दोघांचं नीट भांडण व्हायचं. मी जनाबियाला राहायचो, एका व्हिलातली खोली घेऊन. त्या दिवशी काकू म्हणाल्या, "ह्याका सोडून ये गो." ती मला सोडायला आली.

मग दर शुक्रवारी बोट, दर शुक्रवारी आमटी आणि दर शुक्रवारी जनाबिया. जुफैरहून जनाबियाला जायला जेवढा वेळ लागायला हवा त्याहून आम्हाला हळूहळू बराच जास्त लागू लागला.

आता साहेबांनी आधीच्या स्थळांचं काय केलं होतं ते सांगायला हवं, म्हणजे मी का घाबरलो होतो ते कळेल. दुबईचा एक डॉक्टर आला होता. साहेबांनी त्याच्या हॉस्पिटलात पेशंट म्हणून फोन लावून तो खरंच तिथे आहे का, हे तपासलं. तिथवर ठीक. पण मग त्यांनी पोट दुखतंय म्हणून त्याची अपॉइंटमेंटही घेतली आणि तो औषध काय सांगतो ते दुसऱ्या डॉक्टरकडून पडताळून घेतलं. दोहाच्या एका इंजिनिअरनं त्यांच्यासमोर बसून सरळ मागणी घातली. साहेब म्हणाले, "इतकी घाई का?" आणि त्याचा ब्लड रिपोर्ट मागितला. ही सगळी चांगली माणसं. येत, पोहे खात, आणि चौकशीच्या तिसऱ्या प्रश्नाला वळून परत जात. साहेबांना वाटे, बरं झालं, गेला म्हणजे खोटाच होता.

मुलीचं म्हणणं स्वच्छ होतं. एका शुक्रवारी व्हिलाच्या फाटकाशी गाडी बंद करून ती म्हणाली, "आय वोन्ट मॅरी विदाउट हिज येस. अँड ही डझन्ट नो हाउ टू से येस." बापावर जीव होता तिचा. लपूनछपून काही करायची तिची तयारी नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझीही नव्हती. तिच्याशिवाय माझं पुढचं आयुष्य मला नकोसं वाटत होतं, आणि ते एका अशा माणसाच्या 'हो'वर अडकलं होतं, ज्यानं आयुष्यात लिफ्टलासुद्धा 'हो' म्हटलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटायची ती एकाच गोष्टीची. साहेब मला काहीच विचारत नसत. जगातल्या सगळ्यांची चौकशी करणारा हा माणूस, पण मला घर विचारलं नाही, आईवडील विचारले नाहीत, जात-पोटजात काही नाही. का? मी मोजण्यातच नव्हतो म्हणून, की त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं म्हणून? संशय हा साथीचा रोग आहे, आणि मला तो बोटीवर लागला. ते रॉड पुसत तरी मला वाटे, मुद्दाम पुसतायत. एकदा बोटीत माझ्याजवळून जाताना ते थबकले आणि त्यांनी माझ्या खांद्याशी नाक आणलं.

"कसला वास रे हा?"

"कसला, साहेब?"

"आमच्या गाडीत असला ऊद लावलेला असतो."

मी म्हटलं, "ऑफिसच्या गाडीतही असतो, साहेब."

"खात्री मफी," म्हणाले आणि ल्यूर फेकला. मी आठ काढत राहिलो. घामानं रॉड हातातून सटकत होता.

मार्ग काढला तो काकूंनी. साहेब खाली गाडीचं दार लागलंय का ते बघायला गेले होते (दोनदा बघत), मुलगी आत फोनवर होती. काकूंनी भाजी निवडता निवडता माझ्याकडे न बघता सुरुवात केली.

"ह्येंका सरळ इचारू नको हां. इचारलंस की संपला."

मी हातातला पेला खाली ठेवला.

"माका बघूक हे तीनदा इले. तीनदा पोहे खाल्ले आणि तीनदा 'कळवतो' म्हणान गेले. मगे माझ्या बाबांनी निरोप धाडल्यानी, रविवारी देवगडची मंडळी येतली, तुमका उशीर झालो. शनिवारी सकाळीच हे छत्री घेऊन दारात हजर! घामाघूम! म्हणतत, 'माझा होकार आसा.'"

"आणि देवगडची मंडळी?"

"कसली मंडळी!" काकू इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "कोण येवक नव्हता. बाबांनी थाप मारल्यानी. ह्येंका अजून ठावक नाय." मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "तू पण जातंस म्हणान सांग. पण तू स्वतः नको. आधी ऑफिसात पसरू दे. सरळ कानार इलेला ह्येंका कधी खरा वाटत नाय."

मी तसंच केलं. त्या आठवड्यात कँटीनमध्ये दोघातिघांसमोर म्हटलं, मुंबईच्या ऑफिसात मोठा प्रोजेक्ट आहे, तिकडे बदली मागितलीय, बहुधा जाईन. आमच्या ऑफिसात बातमी चहा निवायच्या आत सगळीकडे पोचते. साहेबांचा चेहरा बघायची माझी छाती झाली नाही.

शुक्रवारी पाणी आरशासारखं होतं. मग साहेबांनी ल्यूर फेकला आणि रीळ फिरवत, समोर बघतच विचारलं, "बदली मागितलीस म्हणे."

"हो, साहेब."

"का?"

मला त्यांचीच शिकवण आठवली. थांबायचं नाही. "तिकडे मोठा प्रोजेक्ट मिळतोय. घराजवळही पडेल."

"खोली?"

"सोडतोय."

त्यांचा ल्यूर बोटीजवळ आला. मागे एक भलामोठा बाराकुडा होता, मी इतका मोठा आधी बघितला नव्हता. साहेबांनी सवयीनं टोक पाण्यात बुडवलं, पहिलं वळण घेतलं. मासा वळला. मी मनात म्हटलं, आता वळण. आता वेग.

"आणि घरी मुलगी बघतायत," मी म्हटलं. "मिरजेची. पुढच्या आठवड्यात पक्कं होईल."

साहेबांचा हात थांबला. माझ्या देखत पहिल्यांदा. ल्यूर पाण्यात लोंबकळत राहिला. बाराकुडानं त्याच्याकडे एकवार बघितलं आणि सावकाश खोल निघून गेला. साहेबांना तो दिसला होता, पण त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"आणि आमची?" ते म्हणाले.

"आमची म्हणजे, साहेब?"

"तुका जनाबियाक सोडूक जाता आणि तीन तासांनी परत येता, ती आमची!" चिडले की ते मालवणीवर यायचे. "तिचा काय? ह्या असला आम्ही चालवून घेवचा नाय. लग्न करायचं असेल तर तिच्याशी कर, नाहीतर उतर बोटीतनं!"

उतरायला चारी बाजूंना समुद्र होता. मी म्हटलं, "करतो, साहेब." म्हाताऱ्यानं इंजिन सुरू करत "खलास" म्हटलं. त्याला काय कळलं होतं देव जाणे.

लग्न मंडळाच्या हॉलमध्ये झालं. साहेबांनी जेवणाचं प्रत्येक पातेलं झाकण काढून बघितलं आणि भटजींना मुहूर्ताची वेळ दुसऱ्या पंचांगात पडताळून दाखवायला लावली. नंतर त्यांनी मला 'अहो' म्हणायला सुरुवात केली. "जावईबापू, तुम्ही आलात का," असं. कोकणातली रीत ती, पण मला ते टोचायचं. वाटायचं, ह्या 'अहो'च्या आड त्यांनी मला पुन्हा चौकशीसाठी बाजूला काढून ठेवलंय. मी मात्र साहेबच म्हणायचो, आणि काकूंना काकूच. आतून मला एक लबाड आनंदही होता. कुठल्याही पार्टीत ते 'खात्री मफी' म्हणाले की मी मनात म्हणायचो, साहेब, तुम्हाला तुमच्याच गळानं पकडलंय.

गेल्या हिवाळ्यात ते निवृत्त झाले. व्हिसा संपत होता, सामान मालवणला गेलं होतं. जायच्या आधीच्या शुक्रवारी म्हाताऱ्यानं बोट आमच्या हवाली केली होती, आम्ही दोघंच बोटीवर होतो. धुराड्यांकडे पाठ करून ते बसले होते आणि जरा थकलेले वाटत होते. मी आठ काढत होतो. आता मला ते न बघता जमायचं.

"तुझी ती मुंबईची बदली," ते म्हणाले.

'अहो' नव्हतं. माझा हात थांबला.

"हलव, हलव. थांबू नको."

मी हलवत राहिलो.

"त्या गुरुवारी मी एचआरला विचारलं होतं. अर्ज मफी. मुंबईला फोन लावला. प्रोजेक्ट मफी." ते पाण्याकडे बघत होते. "मिरजेचं तेवढं नव्हतं तपासता आलं. पण बाकीचं खोटं, म्हणजे तेही खोटंच असणार."

आपण एवढे शहाणे, आणि ज्यानं डॉक्टरचं औषधसुद्धा पडताळून घेतलं तो माणूस माझी थाप तशीच गिळेल, असं मला वाटलं कसं!

"मग साहेब, तुम्ही..."

"मग काय? माशाला गळ दिसत नाही असं वाटतं तुला?" मग एरवी कधी न काढलेल्या आवाजात ते म्हणाले, "मला आपणहून हो म्हणता येत नाही रे. कधीच आलं नाही. भीती वाटते. कोणीतरी पळायला लागलं की मगच जमतं."

मी आठ काढत राहिलो. वळणावर वेग वाढवला, उगीचच.

"आणि काकूंच्या वेळी?" मी विचारलं.

साहेबांनी मागे वळून बघितलं. समुद्रात आमच्याशिवाय कोणी नव्हतं, तरी बघितलं. "शुक्रवारी देवगडला जाऊन आलो होतो. सगळीकडे विचारलं. तिकडनं कोणीसुद्धा येणार नव्हतं." मग घाईघाईनं म्हणाले, "हिला सांगू नको. तिला वाटतं तिच्या बाबांनी मला पकडलं. वाटू दे."

दुपारी जेवायला बसलो. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. माझी बायको भावुक होऊन म्हणाली, "आई, टेल दॅट स्टोरी वन्स मोअर." आणि काकूंनी ती गोष्ट पुन्हा सांगितली, पण साहेबांसमोर पहिल्यांदाच. तीन वेळचे पोहे, निरोप, छत्री, घाम. "कसली मंडळी! कोण येवक नव्हता!" साहेबांनी ताटातून मान वर केली, अगदी भोळा चेहरा करून म्हणाले, "काय सांगतेस! म्हणजे बाबांनी मला फसवलं?" इतका सफाईदार फसलेला चेहरा मी आजवर बघितलेला नाही.

"मगे!" काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि हसता हसता सुरमईची मधली, सगळ्यात मोठी तुकडी त्यांच्या पानात वाढत होत्या. वाढताना त्यांनी साहेबांकडे ज्या जाणत्या नजरेनं बघितलं ती बघून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मला काकूंचा संशय आला.